‘विस्थापन’ आणि जांभळा थर

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलीच्या रसायनशास्त्राच्या वहीत ‘क्लोरीनमुळे आयोडीनचे विस्थापन होते व हेक्झेनचा थर जांभळा होतो’ असं वाक्य आहे. (हेक्झेन म्हणजे पाण्यात न मिसळणारा एक रंगहीन द्रव.) विस्थापन हा तर धरणग्रस्तांच्या बातम्यांतला शब्द, तो इथे कसा? शिवाय जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन तपकिरी असतं, मग ‘जांभळा’ ही भाषांतरातली चूक तर नाही ना?

चूक नाही. जांभळा अगदी बरोबर आहे. खरं तर ‘विस्थापन’ याच शब्दापाशी जरा थांबायला हवं.

वि-स्थापन म्हणजे असल्या जागेवरून उठवणं. गाव असो वा मूलद्रव्य, जागा दुसऱ्यानं घेतली म्हणून उठावं लागतं, हा अर्थ दोन्हीकडे एकच. कागदावर तो चपखल बसतो: पोटॅशिअम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन मिसळलं की त्याचं पोटॅशिअम क्लोराइड होतं. पण पाण्यात पोटॅशिअम आणि आयोडाइड हे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आधीपासूनच सुटे असतात, तिथे कुणी कुणाच्या जागेवर बसलेलं नसतं. खरी घडामोड म्हणजे क्लोरीन आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. आयोडाइड रंगहीन, इलेक्ट्रॉन गेला की त्याचं रंगीत आयोडीन होतं. म्हणून ‘डाइड’ आणि ‘डीन’ यांतला फरक मुलांकडून घोटून घ्यावा, असं मला फार वाटतं. तरी शब्द बदलू नये. क्लोरीन ब्रोमाइडला हलवतं, ब्रोमीन आयोडाइडला, आणि आयोडीन या दोघांपुढे हतबल. ही उतरंड ‘विस्थापन’ म्हटलं की चटकन डोक्यात बसते.

आता रंग. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना जांभळी वाफ दिसली. त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरूनच आयोडीन हे नाव पडलं. वाफेत त्याचे रेणू मोकळे असतात, हेक्झेनमध्येही जवळजवळ तसेच, म्हणून दोन्हीकडे तोच रंग. पाण्यात मात्र उरलेलं आयोडाइड आयोडीनला चिकटतं आणि द्रावण तपकिरी दिसतं. टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं, तेही आयोडीनच्या रेणूंना धरून ठेवतं, त्यामुळे तिथेही तपकिरीच.

परीक्षानळीत हे तपकिरी पाणी घ्या, थोडं हेक्झेन ओता, बूच लावून हलवा आणि उभी ठेवा. पाणी फिकं होत जातं आणि हेक्झेनला जांभळं खाल्ल्यावर जिभेला येतो तो रंग चढतो. कुणी ‘वांगी’ लिहितं, पण वांग्यात काळसर झाक आहे, ‘जांभळा’च नेमका. ब्रोमीन असेल तर हाच थर नारिंगी होतो.

वहीतल्या वाक्यात मी एकच शब्द वाढवेन: ‘वरचा’. हेक्झेन पाण्याहून हलकं, ते तरंगतं. पूर्वी वापरायचे ते कार्बन टेट्राक्लोराइड जड, त्याचा जांभळा थर तळाशी बसायचा.