बार्बेक्यूचं उरलेलं मांस फ्रीजरमध्ये ठेवून नंतर गरम केलं तर चालतं का?

बार्बेक्यूनंतर बरंच चिकन आणि मटण उरलंय, ते फ्रीजरमध्ये ठेवून महिनाभराने खाल्लं तर चालेल का आणि गरम केल्यावर ते चिवट का होतं, असं तुम्ही विचारलंय. महिनाभर खुशाल ठेवा. पण आधी एक आठवून बघा: निखाऱ्यांवरून उतरल्यावर ते बाहेर किती वेळ होतं?

याबाबतीत मी फार कडक आहे. शिजलेलं मांस २ तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर तासाभरात. गप्पा रंगतात आणि ताट तसंच उघड्यावर राहतं, हे सगळीकडे होतं. फ्रीजरमध्ये जंतूंची वाढ थांबते, ते मरतातच असं नाही. शिवाय काही जंतूंनी सोडलेलं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. त्यामुळे वेळ उलटून गेली असेल तर ते मांस टाकून द्या. जिवावर येतं, तरी टाका.

वेळेत उचललं असेल तर मोठ्या तुकड्याचे मध्यम तुकडे करा, म्हणजे ते लवकर गार होतील. पातळ काप मात्र आत्ता करू नका, ते कोरडे पडतात. ताटात सुटलेला रस फेकू नका, मांसाबरोबर पिशवीतच ओता.

खरा शत्रू हवा. शिजलेल्या मांसातली चरबी हवेने खवट व्हायला लागते, गरम केल्यावर येणारा तो शिळा वास त्याचाच. झिपवाली जाड पिशवी भरा, तोंड बोटभर उघडं ठेवा आणि पाण्याच्या पातेल्यात हळूहळू खाली सोडा. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक मांसाला चिकटत जातं, हवा वरून निघून जाते. पाणी तोंडाशी यायच्या आत झिप लावून टाका. उणे १८ अंशांवर असं मांस २-३ महिने चवीला चांगलं राहतं. एका पिशवीत एका वेळेपुरतंच भरा.

काढायचं असेल तेव्हा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. चिवटपणाचं म्हणाल तर पहिल्यांदा शिजताना मांसाने बरंच पाणी गमावलेलं असतं आणि मोठ्या आचेवर उरलंसुरलंही पिळून निघतं. म्हणून आच मंद आणि वर झाकण. मांस भांड्यात ठेवून त्यावर तो रस आणि दोन-तीन चमचे पाणी घाला, फॉइलने घट्ट झाका आणि १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश झाले की काढा. थर्मामीटर नसेल तर एक घ्याच, अंदाजाने माणूस एकतर कच्चं गरम करतो नाहीतर सुकवतो. शेवटी तापलेल्या तव्यावर मिनिटभर परतलं की कड पुन्हा खरपूस होते. गोड सॉस असेल तर तो तेव्हाच लावा, आधी लावला तर जळतो.

मंद आचेवर तासन्तास शिजवलेलं चरबीदार मांस आणि चिकनच्या मांड्या हे सगळं छान सोसतात. चिकन ब्रेस्ट नाही सोसत. ते मी पुन्हा गरम करतच नाही. फ्रीजमध्ये वितळलं की हाताने तंतू सुटे करते आणि लिंबू पिळून गारच सॅलडमध्ये घालते.