राइड तुटून कोणी जखमी झालं तर दोष कोणाचा: चालवणाऱ्याचा, मालकाचा की बनवणाऱ्या कंपनीचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: बिघाडाची जबाबदारी कोणाची, आणि तिकिटामागे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं असताना भरपाई मिळते का. भरपाईचं शेवटी बोलतो. जबाबदारी त्याची, ज्याच्या हातात राइड बंद ठेवायचा अधिकार होता आणि तरी ज्याने ती चालू ठेवली. बटणापाशी उभ्या असलेल्या पोराची नाही.

मी एका पार्कमध्ये मेंटेनन्स फिटर होतो. नाव लिहीत नाही. तिथल्या कोलंबसचं, म्हणजे झुलणाऱ्या मोठ्या बोटीचं, काम माझ्याकडे होतं. ती बोट खालच्या टायरवर चालते. मोटर टायर फिरवते, टायर बुडाला घासून बोट ढकलतो आणि थांबवतोही तोच. त्या टायरच्या शाफ्टवर, जाडी बदलते त्या खांद्यापाशी, मला संशय आला. लाल डाय मारला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. चीर असेल तर त्यावर लाल रेघ उमटते. उमटली. रजिस्टरला लिहिलं, ‘शाफ्ट बदलल्याशिवाय चालवू नये.’ मॅनेजर म्हणाले, दिवाळीची सुट्टी जाऊ दे, तोवर वेल्डिंग मारून घे. मी मारलं नाही. असलं स्टील आधी तापवून न घेता वेल्ड केलं तर शेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि चीर झाकली जाते ते वेगळंच. नकार दिला तोही लिहून ठेवला. त्यांनी बाहेरचा वेल्डर आणून वरून टाका मारला. मेन स्विचची किल्ली त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त नट-बोल्टचे पाने.

ऐन दिवाळीच्या गर्दीत शाफ्ट तुटला. टायर तिरका होऊन बुडाखाली अडकला आणि बोट दणक्याने थांबली. एका बाईंचे पुढचे दात गेले, एका मुलीचं मनगट मोडलं. पोलीस आले तेव्हा मॅनेजरांनी ऑपरेटरकडे बोट दाखवलं: याने ब्रेक जोरात मारला. मराठवाड्यातून सीझनपुरता आलेला पोरगा, त्याला बोलताही येईना. त्याला गाडीत घातलं.

तुटलेला शाफ्ट सकाळी भंगारात जाणार होता. मी तो जाऊ दिला नाही. त्याच्या तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत होता, गंजून तपकिरी झालेला, आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेघा. उरलेला पट्टा खरखरीत, चकचकीत. म्हणजे त्या संध्याकाळी फक्त तो पट्टा तुटला, बाकीचा कितीतरी आधीच तुटलेला होता. गंज एका संध्याकाळीत चढत नाही. मी फौजदारांना हे दाखवलं, शाफ्ट पंचनाम्यात घ्यायला लावला, रजिस्टरच्या पानांचे फोटो दिले. पोरगा सुटला. माझी नोकरी गेली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आमचे साडू टोराटोरा ही राइड घेऊन जत्रा फिरतात. त्यांचं म्हणणं, यंत्र आहे, कधीतरी तुटणारच, आणि आपल्याकडे सर्टिफिकेट आहे ना! घरातल्या प्रत्येक लग्नात आमचा हाच वाद होतो. सर्टिफिकेटचं ऐका. २०१७ साली अमेरिकेत ओहायोच्या जत्रेत फायर बॉल नावाची राइड चालू असताना तुटली, एक तरुण जागीच गेला. त्याच दिवशी ती तपासून पास केलेली होती. बनवणाऱ्या कंपनीने नंतर सांगितलं, तुळई आतून गंजून पातळ झाली होती. वरून रंग बघून आतला गंज कळत नसतो, त्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजावी लागते.

आणि ‘चालवणाऱ्याची चूक’ म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कचं प्रकरण वाचावं. जून २०१५ मध्ये तिथल्या स्मायलर या रोलर कोस्टरची भरलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला. यंत्रणेने गाडी अडवली होती, माणसांनी तो थांबा उठवला, म्हणून कंपनी सुरुवातीला मानवी चूक म्हणत राहिली. पण काम सुरक्षित कसं करायचं याची धड पद्धतच कंपनीने घालून दिली नव्हती. कोर्टाने २०१६ मध्ये पार्क चालवणाऱ्या मर्लिन कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. आपल्याकडे २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरियाचा झुला तुटून दोघं गेले, तेव्हा ऑपरेटरांबरोबर मालकालाही अटक झाली. तसंच व्हायला हवं.

ऑपरेटर कधीच दोषी नसतो असं मी म्हणत नाही. बसणाऱ्यांपुढचा बार लॉक झालाय का हे न तपासता राइड सोडली तर तो दोष त्याचाच. मूळ डिझाइनच चुकलं असेल तर बनवणाराही सुटत नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वावर वेगळं प्रकरण आहे. काळजीने राइड बंद ठेवणारे मालकही मी पाहिलेत.

आता भरपाई. मी वकील नाही, पण तिकिटामागच्या त्या ओळीला घाबरू नका. तिकीट काढलंत म्हणजे तुम्ही ग्राहक. जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, यंत्राबाबतच्या हलगर्जीपणासाठी २८९ आहे. पोलिसांना पहिल्याच दिवशी लेखी मागणी द्या: तुटलेला भाग आणि मेंटेनन्सचं रजिस्टर जप्त करा. तो भाग भंगारात गेला की उरतो फक्त ऑपरेटर.

साडूंना हे उत्तर पाठवतोय. टोराटोराच्या मेन स्विचला दुसरं कुलूप लावा, त्याची किल्ली फिटरकडे द्या, आणि तो नाही म्हणाला त्या दिवशी तिकीट फाडू नका.