पडद्यावर जाळी आलीय, पण कुठल्या पडद्यावर?

आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पावणेदोन वर्षं झाली, पहिलं वर्ष लख्ख दिसत होतं आणि आता त्याच डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. तपासणीत ‘पडद्यावर जाळी आलीय, लेसर करू’ असं सांगितलं आणि घरातले सगळे घाबरले, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं निम्मी भीती ‘पडदा’ या शब्दाची आहे. डोळ्याच्या आत मागे जो रेटिना असतो, त्यालाही आपण पडदाच म्हणतो, आणि ‘पडदा सरकला’ हे कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत ऐकलेलं असतं. आईंचा हा पडदा तो नव्हे.

डोळ्यातलं मूळ भिंग एका पातळ पिशवीत असतं. सर्जन पिशवीला पुढून गोल छिद्र पाडून गढूळ भिंग काढतात आणि तिच्यातच कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीची मागची बाजू मुद्दाम शाबूत ठेवतात, लेन्सला तिचाच आधार असतो. मध्यभागी ती जेमतेम चार मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या जाडीपुढे काहीच नाही. पण पिशवीच्या कडेला मूळ भिंगाच्या थोड्या पेशी चिकटून राहतात, कितीही साफ केलं तरी. महिन्यांनी, वर्षांनी त्या वाढत वाढत मागच्या बाजूवर पसरतात. कधी त्यांचे फुगीर मणी होतात (डॉक्टर त्यांना एल्श्निगचे मोती म्हणतात), कधी पिशवीलाच सुरकुत्या पडतात. हीच ती जाळी. तेव्हा मोतीबिंदू परत आलेला नाही. भिंगच उरलं नाही तर तो होणार कशात? लेन्स वाईट निघाली किंवा ऑपरेशन बिघडलं, असंही यावरून ठरत नाही. काटकोनी कडांच्या लेन्स आल्यापासून हे प्रमाण कमी झालं, कारण ती कड पेशींची वाट अडवते. तरी पूर्ण थांबलेलं नाही. वय जितकं कमी तितकी जाळी जास्त. लहान मुलांत तर ती इतकी हमखास येते की बहुतेकदा ऑपरेशनमध्येच मागच्या बाजूला खिडकी करून ठेवतात.

माझं सांगतो. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर दोनेक वर्षांनी रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फुलबाजीसारखे फुटायला लागले. मी चष्म्याचा नंबर बदलला, काही महिन्यांनी पुन्हा बदलला. दोन्ही चष्मे वाया गेले. शेवटी एका डॉक्टरबाईंनी थेंब घालून, बाहुली मोठी करून नीट पाहिलं, तेव्हा जाळी सापडली. अक्षरं वाचता येतात पण उजेडात सगळं फिकट दिसतं, ही तक्रार नुसत्या तक्त्यावर पकडता येत नाही.

लेसरमध्ये चिरफाड नाही, टाके नाहीत. बाहुली मोठी करायचे आणि डोळ्यातला दाब वाढू नये म्हणूनचे थेंब घालतात, मग तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचं. बधिर केलेल्या डोळ्यावर बहुधा एक काच ठेवतात, ती जरा नकोशी वाटते. बाकी टक टक आवाज आणि लाल ठिपका, पाचेक मिनिटांत उठलो. यासाठी वापरतात तो यॅग लेसर जाळी जाळत नाही. प्रत्येक ठोक्याला सूक्ष्म स्फोटासारखा धक्का बसून ती फाटते आणि मधोमध खिडकी होते. 1980च्या सुमारास पॅरिसच्या नेत्रतज्ज्ञ दानिएल आरोन-रोझा आणि स्वित्झर्लंडचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी हे तंत्र रूढ केलं. त्याआधी हेच काम सुईने किंवा पात्याने डोळ्यात शिरून करावं लागायचं!

आता खरी काळजीची गोष्ट. ही खिडकी पुन्हा बंद करता येत नाही. मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स बसवल्यावर पहिल्या दिवसापासूनच नीट दिसत नसेल आणि लेन्स बदलायचा विचार असेल, तर घाईने लेसर करू नये, नंतर लेन्स बदलणं फार अवघड होतं. आईंना वर्षभर छान दिसलं, म्हणजे त्यांचा प्रश्न तो दिसत नाही. पण रेटिना तपासला का, हे आवर्जून विचारा. धूसर दिसण्याचं कारण तिथे असेल, मधुमेहात विशेषतः, तर जाळी फोडून सुधारणा बेताचीच होईल. जाळी आहे पण त्रास नाही, असं असेल तर थांबायलाही हरकत नाही.

लेसरनंतर काळे ठिपके, माशीसारखे तरंगणारे, काही दिवस दिसतात. माझे तीन आठवडे राहिले. दाब तपासायला बोलावलं तर जा. मात्र ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, विजा चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट पाहू नका. इथे मात्र पडदा म्हणजे रेटिनाच. असं क्वचित होतं, पण मोठा मायनस नंबर असलेल्यांत धोका जास्त, आणि तो काही महिन्यांनीही उद्भवू शकतो.

आणि नवा चष्मा आता करू नका. लेसर होऊन नजर स्थिरावली की मगच नंबर काढा.