मामांच्या १९८१ सालच्या जपानी रोड सायकलला त्या काळचा हेडसेट कोणता शोभेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मामांनी परदेशातून येताना आणलेली जपानी रोड सायकल तुम्ही पुन्हा उभी करताय. मूळ हेडसेट (पुढचं चाक धरणारा फोर्क आणि हँडल फ्रेममध्ये फिरू देणारा छर्ऱ्यांचा संच) गंजून गेलाय आणि दुकानदार म्हणतोय, "कॅम्पॅग्नोलो रेकॉर्ड टाका, विंटेज म्हणजे तेच."

माझ्या मते हा इटालियन रेकॉर्ड नको. शिमानो ६०० किंवा टांगे हे जपानी हेडसेट बघा. पण पैसे काढण्याआधी कुणाकडून तरी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) आणा, कारण हेडसेट कोणता ते शेवटी तुमचा फोर्कच ठरवणार आहे.

जुन्या एक इंची हेडसेटमध्ये जपानी माप वेगळं होतं. फोर्कच्या खांद्यावर जिथे खालची रेस (छर्रे ज्यावर फिरतात ती कडी) ठोकून बसवतात, ती जागा जपानी मापात २७.० मिमी असते आणि युरोपात रूढ असलेल्या मापात २६.४. हेडट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत, दाबून बसवायच्या वाट्यांचं बाहेरचं माप जपानी ३०.० आणि युरोपी ३०.२. फरक कागदावर नगण्य वाटतो, पण २६.४ ची रेस २७.० च्या खांद्यावर ठोकायला गेलात तर ती बसत नाही, जोर केला तर तडकते. उलट केलं तर रेस सैल राहते, मग मिस्त्री खाली डब्याचा पत्रा घालून देतो आणि महिन्याभरात हँडल खडखडायला लागतं. फोर्कचा खांदा कापून घेता येतो, हेडट्यूब रीमरने मोठी करता येते, पण चाळीसहून जास्त वर्षं जगलेल्या फ्रेमवरचं लोखंड फक्त नावासाठी घालवायचं हे मला पटत नाही. रेकॉर्ड नको म्हणतो त्याचं पहिलं कारण हे. सगळ्याच जपानी फ्रेम २७.० च्या नसतात, महागड्या मॉडेलांवर बऱ्याचदा २६.४ सापडतं. म्हणून अंदाज नको, माप घ्या.

दुसरं माप उंचीचं. फोर्क बाहेर काढा, खांद्यापासून वरच्या टोकापर्यंत फोर्कची उभी दांडी मोजा, त्यातून हेडट्यूबची लांबी वजा करा. उरलं तेवढ्यात अख्खा हेडसेट मावला पाहिजे. रेकॉर्डला सुमारे ४० मिमी लागतात. काही जपानी हेडसेट ३५ च्या आसपास भागवतात. जागा कमी असेल तर वरच्या लॉकनटला दोन-तीनच आटे मिळतात आणि तो कितीही आवळला तरी सुटतो. मधे ब्रेकच्या केबलचा हँगर असेल तर त्याची जाडीही धरा.

आट्यांची चिंता तुम्हाला नाही. जपानी फोर्कवर इंचाला २४ आटे असतात, इंग्लिश हेडसेटवरही तेच, आणि स्टेम (हँडल धरणारा, दांडीत उतरणारा भाग) २२.२ मिमीचा. फ्रेंच सायकल असती तर दांडी २५ मिमीची, आटे मेट्रिक आणि स्टेम २२.० चा, म्हणजे वेगळीच शोधाशोध. नॉटिंगहॅमच्या रॅलेवाल्यांचं दुखणं आणखी निराळं: त्यातल्या पुष्कळ सायकलींवर इंचाला २६ आटे आहेत. २४ चा नट त्यावर एक-दीड फेरा आरामात फिरतो, मग अडतो, आणि तिथे पान्याला पाइप लावून जोर काढणारे महाभाग मुंबईत कमी नाहीत.

आता 'त्या काळचा' म्हणजे काय ते. हेडसेट हा झिजणारा भाग आहे. पहिल्या मालकाच्या हयातीतच तो एकदा तरी बदलला जायचा, आणि बदलताना लोक जे हाताशी असेल ते लावायचे. त्यामुळे १९८१ च्या फ्रेमवर १९८४ चा हेडसेट दिसला तर मी नाक मुरडत नाही. १९९० च्या दशकात रूढ झालेला बिनआट्यांचा अहेडसेट मात्र अजिबात नको, त्यासाठी फोर्कच बदलावा लागतो. जपानी सायकलीवर त्या वर्षांत शिमानो, टांगे, हत्ता यांचे हेडसेट असायचे. सनटूरचे गिअर, सुगिनोची क्रँक असे जपानी भाग आणि वर इटालियन हेडसेट असं मिश्रण अशक्य नव्हतं, पण ते मुद्दाम केलेलं दिसतं. शिमानो ६०० चा त्या काळातला, वेलबुट्टी कोरलेला संच तुमच्या सायकलीला सगळ्यात चांगला शोभेल, आणि तो दोन्ही मापांत निघायचा. विकणाऱ्याला माप विचारा. "स्टँडर्ड आहे" असं उत्तर आलं तर त्याने मोजलेलं नाही असं समजा.

जुना हेडसेट घेताना बाहेरच्या चकाकीचे फोटो काही सांगत नाहीत. छर्रे ज्या वाटेवर फिरतात त्या वाटेचा जवळून फोटो मागा. तिथे एकसारख्या अंतरावर खळगे असतील तर हँडल सरळ आलं की खटकन अडकतं. हे खळगे फक्त खड्ड्यांच्या दणक्याने पडत नाहीत. चाक बहुतेक वेळ सरळच असतं, बारीक थरथरीने छर्ऱ्यांखालचं ग्रीस सरकतं आणि धातू त्याच जागी घासत राहतो. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने आपल्या ए९ हेडसेटमध्ये छर्ऱ्यांऐवजी बारीक रोलर घातले ते याच दुखण्यावर, भार बिंदूऐवजी रेषेवर पडावा म्हणून. सायकल रोज चालवणार असाल आणि खांदा २६.४ चा निघाला, तर मी ६०० च्याही आधी ए९ शोधेन. तोही ऐंशीच्या दशकातलाच आहे.

खळगे थोडेच असतील तर एक जुनी युक्ती आहे. पिंजऱ्यातले छर्रे काढून सुटे भरा, वाटी पूर्ण भरली की एक काढून टाका. छर्ऱ्यांची संख्या बदलल्याने ते जुन्या खळग्यांत एकाच वेळी बसत नाहीत. बहुतेक हेडसेटना ५/३२ इंचाचे छर्रे लागतात, रेकॉर्डला ३/१६ चे. नागदेवी स्ट्रीटला चांगल्या दर्जाचे सुटे छर्रे मिळतात. तिथूनच आट्यांचा लांब रॉड, दोन नट आणि जाड वॉशर घ्या, वाट्या दाबून बसवायला तेवढं पुरतं. मिस्त्रीला हातोडा उचलू देऊ नका.

एका हेडसेटची वाटी आणि दुसऱ्याची रेस असा संसार जमवू नका. आटे जुळतात, पण छर्ऱ्यांची वाट जुळत नाही. लॉकनट मात्र बदलता येतो. मामांच्या सायकलीवरचा मूळ नट धड असेल तर घासून तोच वर लावा, समोरून दिसतो तोच.

मुंबईत हेडसेटची आधी खालची बाजू खराब होते, पुढचं चाक पावसाचं पाणी थेट तिच्यावर उडवतं. जहाजांच्या कामाचं ग्रीस भरा आणि जुन्या ट्यूबचा दोनेक इंचांचा तुकडा कापून, फोर्क चढवण्याआधी खालच्या वाटीवर ओढून घ्या. काळाला साजेसं नाही, पण काळ्या रबराकडे कुणी बघत नाही.

खांदा २७.० निघाला आणि ६०० मिळालाच नाही, तर टांगेचा नवा स्टीलचा हेडसेट घ्या. जुन्या घाटाचे ते अजून निघतात आणि दोन हात लांबून ओळखू येत नाहीत. दुकानदाराकडचा रेकॉर्ड तुम्ही आधीच घेऊन बसला असाल तर पॉलिश न करता एखाद्या इटालियन फ्रेमवाल्याला विका. पॉलिशने अक्षरं पुसट होतात आणि भाव पडतो.