संशोधन कक्षात रुजू होताना

प्रिय,

नेरूळच्या विद्यापीठात संशोधन कक्षाचं काम तुझ्याकडे येतंय, हे कळलं. प्रशिक्षण म्हणून बहुधा एखादं सादरीकरण दाखवतील आणि परिपत्रकांचा गठ्ठा हातात देतील. गठ्ठा राहू दे. बंद झालेल्या एखाद्या प्रकल्पाची फाईल मागून घे: मंजुरीपत्र, व्हाउचरं, बँकेचा खातेउतारा, सगळं. सही झालेली युसी (अनुदान कशावर खर्च झालं याचं उपयोगिता प्रमाणपत्र) बाजूला ठेव आणि जीएफआर २०१७, म्हणजे केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांच्या, नमुना १२-ए मध्ये ती स्वतः तयार कर.

रुपयापर्यंत जुळणार नाही. का, ते शोधण्यातच खरं शिक्षण आहे. बहुतेकदा अनुदानावरचं व्याज सुटलेलं असतं. नियम २३० (८) प्रमाणे ते भारताच्या संचित निधीत भरावं लागतं. नाहीतर ऑर्डर दिलेल्या पण पैसे न चुकवलेल्या उपकरणाची रक्कम खर्चात घुसलेली असते. ३१ मार्चपर्यंत पैसे गेले नसतील, तर तो खर्च नव्हे, देणं आहे. ते वेगळं दाखवायचं.

ही गडबड मार्चमध्ये दिसते, पण तिचं मूळ मंजुरीपत्र आलं त्या दिवसांत असतं. पत्र आलं की त्याच आठवड्यात पीआय (प्रकल्पाचा प्रमुख संशोधक) आणि लेखा विभागातला जो माणूस प्रत्यक्ष बिलं पास करतो तो (त्याचे साहेब नव्हेत), दोघांना एका टेबलाशी बसव. कुठल्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या शीर्षात, काय बसतं ते ओळीओळीने वाचा. कन्झ्युमेबल्समधून (वापरून संपणाऱ्या सामानाच्या हेडमधून) लॅपटॉप घेऊन मोकळे होणारे पीआय तुला भेटतीलच. हेड बदलायचं तर निधी देणाऱ्या संस्थेची मंजुरी आधी. बिल झाल्यावर मागितलेली मंजुरी सहसा मिळत नाही.

प्रस्तावाच्या वेळी मनुष्यबळाचं गणित तूच तपास. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर ४२,०००. तीन वर्षांच्या प्रकल्पात तिन्ही वर्षं ३७,००० धरले, तर शेवटच्या वर्षी एका माणसामागे ६०,००० कमी पडतात. घरभाडे भत्त्यातला फरक वेगळाच. नवी मुंबई बृहन्मुंबई नागरी समूहात येते, तेव्हा भत्ता एक्स, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातल्या, शहराच्या दराने धरायचा, हेही लोक विसरतात.

सहयोगाचं म्हणशील, तर सामंजस्य करारावरच्या फोटोला फार किंमत देऊ नकोस. समज, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राबरोबर रुग्णांच्या नमुन्यांवर काम करायचं आहे. नमुने कोणाच्या ताब्यात, उरलेल्यांचं काय करायचं, पेटंट कोणाच्या नावे, पैसे दोन्हीकडे थेट येणार की एकाकडून दुसऱ्याकडे, हे सहीआधी कागदावर हवं. सही पीआयची नाही, विद्यापीठाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, बहुधा कुलसचिवांची. नीतिमत्ता समितीची मंजुरी दोन्ही संस्थांत लागेल असं धरूनच वेळापत्रक आख. मेलामेलीत आठवडे घालवण्यापेक्षा हार्बरची लोकल पकड आणि तिथल्या समितीच्या सचिवालयातून अर्जाचा नमुना, बैठकीची तारीख विचारून ये.

परदेशी भागीदार असेल आणि विषय आरोग्याचा असेल, तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, मंजुरीही लागते. पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येत असेल, तर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. म्हणून परदेशी विद्यापीठाला बँक तपशील पाठवायच्या आधी लेखा विभागाकडून लेखी होकार घे. पीआयने घाईत नेहमीचा खाते क्रमांक कळवलेला नाही ना, तेही विचार.

तुझा,
कक्षातला जुना सहकारी