वेंब्ली नुसत्या फुटबॉलवर कधी चाललंच नाही

तुमचं म्हणणं असं की फुटबॉल स्टेडियम कॉन्सर्ट आणि बॉक्सिंगला भाड्याने देणं हा आजकालचा बाजारूपणा आहे, पूर्वी मैदान फक्त खेळाचं असायचं. बाकीच्यांचं सोडा, पण ज्याला फुटबॉलची पंढरी म्हणतात त्या लंडनच्या वेंब्लीलाच हे लागू पडत नाही. तिथे फुटबॉल कित्येक वर्षं पाहुण्यासारखा यायचा.

मुळात ती जागाच एका फसलेल्या हौसेची. रेल्वे कंपनीचे अध्यक्ष एडवर्ड वॉटकिन यांना तिथे आयफेलहून उंच मनोरा बांधायचा होता, म्हणजे तो बघायला लोक त्यांच्याच गाडीने येतील. पहिला टप्पा कसाबसा उभा राहिला, पैसे आटले आणि १९०७ मध्ये तोही पाडला. पुढे ब्रिटिश साम्राज्याच्या १९२४ च्या प्रदर्शनासाठी त्याच जागी स्टेडियम आलं. प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी, २८ एप्रिल १९२३ ला, तिथे एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद स्पर्धेची, फायनल झाली. अधिकृत आकडा १,२६,०४७. आत घुसलेले त्याहून कितीतरी जास्त. मैदानात उतरलेली गर्दी मागे रेटणारा पोलिसाचा पांढरा घोडा त्या दिवशी खेळाडूंपेक्षा प्रसिद्ध झाला.

पण हिशेब मांडून बघा. वर्षातून एक कप फायनल, शिवाय वर्षाआड स्कॉटलंडशी सामना. १९५१ मध्ये अर्जेंटिना येईपर्यंत इंग्लंडने वेंब्लीवर स्कॉटलंड सोडून कुणाशी अधिकृत सामनाच खेळला नव्हता. कुठल्या मोठ्या क्लबचं ते घरचं मैदानही नव्हतं. एवढ्यावर लाखभर माणसांचं स्टेडियम कोण पोसणार? प्रदर्शन आटोपल्यावर ते पाडायचंच घाटत होतं. आर्थर एल्विन या गृहस्थाने ते घेतलं (हा त्याच प्रदर्शनात तंबाखूच्या टपरीवर काम केलेला माणूस) आणि १९२७ च्या डिसेंबरात तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. शर्यती वर्षभर, आणि त्यावर पैज लावायला येणारे लोकही वर्षभर. पाठोपाठ मोटारसायकलींची स्पीडवे आली, रग्बी लीगची फायनल आली. स्टेडियम तगलं ते यावर.

कुत्र्यांचा रुबाब किती? १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वे-फ्रान्स सामना शुक्रवारी होता. त्या संध्याकाळची शर्यत रद्द करायला वेंब्लीचे मालक तयार झाले नाहीत. वर्ल्ड कपचा सामना मुकाट्याने व्हाइट सिटीला हलवला! गंमत म्हणजे तेही १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं आणि नंतर कुत्र्यांच्याच शर्यतींवर चाललेलं स्टेडियम.

आपल्यालाही वेंब्लीच्या या बहुरूपीपणाचा फायदा झालाय. १९४८ च्या ऑलिंपिकची हॉकी फायनल तिथेच झाली आणि स्वतंत्र भारताने पहिलं सुवर्णपदक ब्रिटनला ४-० हरवून, त्यांच्याच अंगणात घेतलं. १९८२ मध्ये पोपची प्रार्थनासभा, १९८५ मध्ये लाइव्ह एड ही दुष्काळग्रस्तांसाठीची कॉन्सर्ट. यातल्या कशाने फुटबॉल बाटला असं मला तरी वाटत नाही.

तोटे होतेच. कुत्र्यांच्या ट्रॅकमुळे जुन्या वेंब्लीत प्रेक्षक मैदानापासून फार लांब पडायचे. २००७ मध्ये उघडलेल्या ९०,००० आसनांच्या नव्या स्टेडियममध्ये तो ट्रॅक नाही, त्यामुळे जवळून दिसतं.

आणि तुमची एक तक्रार मात्र सोळा आणे खरी आहे: गवत. उंच स्टँडमुळे ऊन कमी, वारा कोंडलेला, त्यात कॉन्सर्टसाठी मैदान झाकून वर हजारो माणसं उभी. नव्या वेंब्लीत सुरुवातीची काही वर्षं हिरवळ पुन्हापुन्हा बदलावी लागली, खेळाडू घसरत होते, मॅनेजर जाहीरपणे शिव्या घालत होते. शेवटी २०१० मध्ये नैसर्गिक गवतात कृत्रिम धागे विणलेलं मैदान टाकलं, तेव्हा कुठे ओरड कमी झाली. म्हणून माझं मत असं की भांडायचं तर तारखांवरून भांडा. सीझन संपल्यावरच्या उन्हाळ्यात हव्या तितक्या कॉन्सर्ट होऊ देत. दोन सामन्यांच्या मधल्या आठवड्यात स्टेज उभारायला मात्र ठाम विरोध करा.