पिशवी घरीच राहते, तेव्हा काय करावे?

प्रश्न : प्लॅस्टिक टाळण्यासाठी मी कापडी पिशव्या विकत घेतल्या, परंतु त्या घरीच विसरतात आणि दुकानातून दर वेळी नवी पिशवी आणली जाते. अशा दहा-बारा पिशव्या साठल्या आहेत. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : आणखी एकही नवी पिशवी घेऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे. कापसाची लागवड, सूतकताई आणि विणकाम यांत पाणी व ऊर्जा इतकी खर्च होते, की ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीच्या निकषावर एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. कापडासारख्या दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) पिशवीला मात्र ११ वेळा पुरतात. म्हणजे पिशवी कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा बाहेर पडते, हे महत्त्वाचे. (कचऱ्यात किंवा नाल्यात गेलेल्या प्लॅस्टिकचा प्रश्न या हिशेबात येत नाही, तो वेगळा आणि गंभीरच आहे.)

सामान जागेवर लावून झाले, की रिकामी पिशवी कपाटात न ठेवता चपलांजवळच्या खुंटीला अडकवा. पिशवी प्रथम उसवते ती बंदाच्या टाक्यापाशी. तेथे चौकोनी शिवण घालून त्यात फुली मारली, की ती अनेक वर्षे टिकते. कच्च्या मांसासाठी वेगळी पिशवी ठेवा व ती वरचेवर धुवा. घरात साठलेल्या प्लॅस्टिक पिशव्याही फेकू नका, फाटेपर्यंत त्याच वापरा.